जुन्या लेन्सची काच कशी जपायची: कॅप, हूड आणि फिल्टर निवडण्याची सोपी वाट

जुन्या बाजारातून घेतलेली किंवा घरच्या कपाटात सापडलेली लेन्स हातात आली की मोबाइलचा टॉर्च लावा आणि पुढची काच तिरकी धरून बघा. बऱ्याच लेन्सवर केसाइतक्या बारीक, गोल फिरलेल्या रेघा दिसतील. कुणीतरी वर्षानुवर्षं रुमालाने, शर्टाच्या टोकाने काच पुसत राहिलं आणि प्रत्येक वेळी धुळीचा कण काचेवर घासला गेला, त्याच्या या खुणा. काही जुन्या लेन्सची काच किंवा तिच्यावरचा लेपच मऊ होता. लायकाची १९३० च्या दशकातली ‘सुमार’ (Summar) नावाची ५० मिमी लेन्स घ्या. तिची न घासलेली पुढची काच आज शोधून सापडत नाही.

म्हणून लेन्स जपायची म्हणजे काय, तर तिला पुसायची वेळ कमीत कमी येऊ द्यायची. कॅप (झाकण), हूड (लेन्सच्या पुढे बसणारी, कडेचा प्रकाश अडवणारी नळी) आणि फिल्टर (पुढे लावायची सपाट काच) या तिघांकडे मी याच नजरेने बघतो. मला यातल्या गोष्टी तुकड्यातुकड्याने, काही दुकानदारांकडून, काही दुरुस्ती करणाऱ्यांकडून कळत गेल्या. तुम्हाला त्या एका जागी मिळाव्यात म्हणून हे लिहितोय. माझा नियम आधीच सांगून टाकतो: कॅप नेहमी, हूड नेहमी, फिल्टर मात्र हवेत काही उडत असेल तेव्हाच.

जवळ काय काय हवं

- व्हर्निअर कॅलिपर. प्लॅस्टिकचा स्वस्तातला चालतो.
- टॉर्च आणि रबरी फुग्याचा ब्लोअर
- स्वच्छ मायक्रोफायबरचं फडकं, फक्त लेन्ससाठी राखलेलं
- रुंद रबर बँड आणि घरकामाचे रबरी हातमोजे
- सिलिका जेल, हवाबंद डबा आणि शक्यतो छोटा आर्द्रतामापक
- वही. प्रत्येक लेन्सचं माप एकदा लिहून ठेवलं की दुकानात अंदाज बांधत बसावं लागत नाही.

१. खरेदीआधी माप घ्या

नवखा माणूस हमखास फसतो ती जागा ही. लेन्सच्या पुढच्या कड्यावर जे आकडे असतात, त्यांत फिल्टरचं माप असेलच असं नाही. सोव्हिएत बनावटीच्या हेलिओस ४४-२ वर २/५८ असं कोरलेलं असतं. त्यातले ५८ म्हणजे फोकल लेंग्थ (लेन्स किती रुंद किंवा अरुंद बघते ते सांगणारा आकडा), आणि तिचे फिल्टरचे आटे ४९ मिमीचे. ५८ चा फिल्टर आणलात तर तो नुसता हातात राहील. नाव जवळपास तेच असलेल्या हेलिओस ४४एम ला पुन्हा ५२ मिमी लागतो. म्हणजे नावावरूनही अंदाज बांधू नका.

फिल्टरचं माप लिहिलेलं असेल तर त्याआधी एक छोटं वर्तुळ आणि त्यावर तिरकी रेघ अशी खूण असते. ती नसेल तर कॅलिपर घ्या आणि आट्यांचा आतला व्यास मोजा. आट्यांची टोकं आत आलेली असल्यामुळे हा आकडा खऱ्या मापापेक्षा पाऊण-एक मिलिमीटरने कमी येतो. ४८.२ च्या आसपास आलं तर लेन्स ४९ ची आहे असं समजा.

सारख्या भेटणाऱ्या काही लेन्सची मापं देतो. निकॉनच्या त्या काळच्या बऱ्याच निकॉर लेन्सना ५२ मिमी लागतो: ५० मिमी एफ/२, ३५ मिमी एफ/२, १०५ मिमी एफ/२.५. पेंटॅक्सच्या सुपर-ताकुमार ५५ मिमी एफ/१.८ आणि ५० मिमी एफ/१.४ या दोन्हींना ४९. ऑलिंपस ओएमच्या लहान झुइको लेन्सना ४९, मोठ्यांना ५५. सोव्हिएत ज्युपिटर-८ आणि इंडस्टार-६१ एल/डी ला ४०.५. याशिका इलेक्ट्रो ३५ ला ५५.

काही कॅमेऱ्यांवर आटे चालतच नाहीत. रोलायकॉर्ड आणि याशिका मॅट १२४जी यांच्या लेन्सभोवती बायोनेट (थोडं फिरवून अडकवायची खाच) असतो, त्याला बे-१ म्हणतात. रोलायफ्लेक्स ३.५ई आणि ३.५एफ ला बे-२, तर २.८ च्या पुढच्या मॉडेलांना बे-३. हे एकमेकांत बसत नाहीत, त्यामुळे विकणारा नुसतं “रोलायचा हूड” म्हणाला तर कोणता बे, ते विचारून घ्या. त्याहून जुन्या काही लेन्सवर फिल्टर बाहेरून दाबून बसवायचा असतो; तिथे कड्याचा बाहेरचा व्यास मोजावा लागतो.

२. पुढची कॅप

कॅप दोन जातींच्या. चिमटीत दाबून आट्यांत अडकणारी प्लॅस्टिकची कॅप फिल्टरच्याच मापाने मिळते. मधोमध दाबायची निवडा, कडेला दाबायची नको. हूड लावलेला असतानाही मधल्या कॅपपर्यंत बोटं पोचतात.

दुसरी जुनी, धातूची, वरून सरकवून बसणारी. ही बाहेरच्या व्यासावर बसते, त्यामुळे तिचं माप वेगळं असतं. ४९ मिमी आट्यांच्या ताकुमारला ५१ मिमीची धातूची कॅप लागते, इलेक्ट्रो ३५ ला ५७ ची. या कॅप दिसायला देखण्या असतात. पण आतली मखमल झिजलेली असली की त्या सैल होतात आणि पिशवीत कुठे पडल्या ते कळतही नाही. शिवाय मखमलीचे तंतू काचेवर सांडतात. विकत घेताना कॅप लावून लेन्स उलटी धरा. स्वतःच्या वजनाने निसटली तर सोडून द्या.

रेंजफाइंडर कॅमेरा (ज्यात लेन्समधून नाही, वरच्या वेगळ्या खिडकीतून बघतात) वापरत असाल तर कॅपचं आणखी एक काम आहे, आणि ते फार महत्त्वाचं आहे. झॉर्की, फेड, जुना लायका यांत लेन्सच्या मागे आरसा नसतो, थेट कापडी शटर असतं. उन्हात कॅमेरा आकाशाकडे तोंड करून पडला आणि फोकस अनंतावर असला तर सूर्याचा ठिपका पडद्यावर पडून कापड जळतं आणि सुईएवढं भोक पडतं. मग पुढच्या प्रत्येक रोलमध्ये पांढरे डाग येतात. तेव्हा गळ्यात कॅमेरा आणि डोक्यावर ऊन असेल तर फोटो काढून झाल्यावर लगेच कॅप लावा. अर्थात याच कॅमेऱ्यांत खिडकीतून बघताना कॅप लावलेली आहे हे कळत नाही. कॅमेरा डोळ्याला लावण्यापूर्वी बोटाने लेन्सची कड चाचपण्याची सवय लावून घ्या.

३. मागची कॅप

मागच्या काचेकडे लोक दुर्लक्ष करतात. खरं तर पुढच्या काचेवरचा ओरखडा चित्रात बहुतेक वेळा दिसत नाही, पण मागच्या काचेवरचा लवकर त्रास देतो. म्हणून कॅमेऱ्यातून लेन्स काढली की पहिली लावायची ती मागची कॅप.

दोन गोष्टी बघा. पहिली, आटे. एम४२ (लेन्स कॅमेऱ्यावर आट्यांनी फिरवून बसवायची जुनी पद्धत) लेन्सचे आटे ४२ मिमी व्यासाचे आणि १ मिमी अंतराचे असतात. टी२ नावाचा एक प्रकार आहे, तोही ४२ मिमीचा, पण अंतर ०.७५ मिमी. टी२ ची कॅप एम४२ वर थोडी फिरते आणि अडकते. जोर लावलात तर आटे खराब होतील.

दुसरी, खोली. एम४२ लेन्सच्या मागे अॅपर्चरची (प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राची) दांडी बाहेर आलेली असते, आणि काही लेन्सची मागची काचच बाहेर आलेली असते. सोव्हिएत ज्युपिटर-१२ ही ३५ मिमीची लेन्स याचं टोकाचं उदाहरण: तिची मागची काच इतकी बाहेर येते की साधी उथळ कॅप फिरवली तर थेट काचेवर टेकते. अशा लेन्सला खोल कॅपच हवी. ती मिळेपर्यंत लेन्स मागची बाजू वर करून डब्यात ठेवा आणि वरून स्वच्छ फडकं सैलसर टाका.

४. हूड, म्हणजे रोजचा रखवालदार

माझ्या मते जुन्या लेन्ससाठी पैसे खर्चायचे तर आधी हूडवर. काचेवरून परत फिरणारा प्रकाश कमी करणारा लेप देण्याची पद्धत झाइसमध्ये १९३५ साली अलेक्झांडर स्माकुला यांनी शोधली, पण अनेक थरांचा लेप सर्वसामान्य लेन्सवर यायला १९७० चं दशक उजाडलं. पेंटॅक्सच्या एसएमसी लेन्स १९७१ च्या. त्याआधीच्या लेन्सवर एकच थर, किंवा तोही नाही. कडेने येणारा प्रकाश अशा लेन्समध्ये आतल्या आत फिरत राहतो आणि चित्र दुधाळ होतं. हूड तो प्रकाश बाहेरच अडवतो. शिवाय बोटांचे ठसे, पावसाचे थेंब, बसमधल्या गर्दीतले धक्के हे सगळं आधी त्याला झेलावं लागतं. आणि त्याच्यात काच नसल्यामुळे चित्राचं काहीही बिघडत नाही. फिल्टरबद्दल असं म्हणता येत नाही.

धातूचा घ्यावा की रबराचा? धातूचा टिकाऊ आणि दिसायला लेन्सला शोभणारा. पण कॅमेरा पडला तर त्याचा धक्का सरळ फिल्टरच्या आट्यांवर जातो आणि कड्याला पोचा पडतो. रबरी हूड दबतो आणि धक्का स्वतः जिरवतो, बॅगेत मुडपूनही ठेवता येतो. प्रवासाला, गर्दीत, मुलाबाळांत मी रबरीच सुचवेन.

माप जुळलं म्हणजे हूड जुळला असं मात्र होत नाही. ३५ मिमी फिल्मवर २८ मिमीची लेन्स कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण ७५ अंश बघते, ५० मिमीची ४७ अंश आणि १३५ मिमीची फक्त १८. तिघींचे आटे ४९ चेच असतील, तरी १३५ चा लांब हूड २८ वर लावला तर चित्राचे चारही कोपरे काळे होतील. उलट २८ चा उथळ हूड १३५ वर लावला तर नुकसान काही नाही, फक्त उपयोगही फारसा नाही. दुकानात पेटीभर सुटे हूड दिसले तर त्यांवर कोरलेली फोकल लेंग्थ वाचा. जुन्या लेन्स एपीएस-सी (३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान) सेन्सरच्या डिजिटल कॅमेऱ्यावर वापरत असाल तर दृश्याचा कोन अरुंद होतो, त्यामुळे एक पायरी खोल हूड चालतो.

१३५ मिमीच्या बऱ्याच लेन्सना स्वतःचाच सरकता हूड असतो. घेण्याआधी पुढचं कडं हलकेच ओढून बघा. कॅनन एफडीचे मूळ हूड मात्र आट्यांत बसत नाहीत, कड्याच्या बाहेरच्या बायोनेटवर फिरतात. तिथे साधा आट्यांचा रबरी हूड लावला तरी काम भागतं. रेंजफाइंडरवर हूड खिडकीच्या कोपऱ्यात डोकावतो, म्हणून त्यांच्यासाठी कापलेल्या खिडक्यांचे हूड निघत. मिळाला तर तोच घ्या.

५. कोपरे तपासा

हूड किंवा फिल्टर घेतल्यावर ही चाचणी एकदाच करायची आहे. फोकस अनंतावर ठेवा, कारण बहुतेक लेन्सना तेव्हाच सगळ्यात रुंद दिसतं. अॅपर्चर एफ/१६ वर आणा. मोठ्या अॅपर्चरला कोपरे नुसते मंद होतात आणि अडथळा लपून जातो, लहान अॅपर्चरला तो स्पष्ट कडेसह दिसतो. आता मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून कोपरे बघा.

फिल्मच्या एसएलआरमध्ये (आरशावाटे लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्यात) व्ह्यूफाइंडरवर विसंबू नका, बहुतेकांत पूर्ण चौकट दिसत नाही. रोल नसताना मागचं दार उघडा, शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं) धरून ठेवा आणि फिल्मच्या चौकटीच्या कोपऱ्यातून लेन्समधून बाहेर बघा. अॅपर्चरचं छिद्र पूर्ण दिसलं तर ठीक. हूडची कड त्याला कापत असेल तर हूड बदला.

६. फिल्टर: कधी लावायचा, कोणता लावायचा

“यूव्ही फिल्टर लावून टाका आणि विसरा,” असा सल्ला सगळीकडे मिळतो. मला तो पटत नाही. लेप नसलेली काच तिच्या प्रत्येक पृष्ठावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फेकते, म्हणजे साध्या फिल्टरच्या दोन पृष्ठांवरून ८ टक्क्यांच्या आसपास. त्यात डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर स्वतः चकचकीत. दिव्याचा उजेड सेन्सरवरून फिल्टरच्या सपाट काचेवर आणि तिथून पुन्हा सेन्सरवर येतो. दिवाळीतला आकाशकंदील चौकटीत वर डावीकडे असेल तर त्याचं फिकट भूत खाली उजवीकडे उगवतं. ज्या जुन्या लेन्सच्या रंगछटेसाठी आपण तिच्यावर जीव टाकतो, तिच्यापुढे सुमार काच लावून ती छटाच घालवायची, हे मला बघवत नाही.

यूव्ही म्हणजे अतिनील किरणांचं म्हणाल तर फिल्मवर त्यांचा परिणाम होतो. महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी दूरचे डोंगर रंगीत फिल्मवर निळसर, धूसर येतात, तिथे यूव्ही किंवा स्कायलाइट (किंचित गुलाबी काचेचा) फिल्टर उपयोगी पडतो. डिजिटल सेन्सरवर असे किरण अडवणारी काच आधीच बसवलेली असते. तिथे यूव्ही फिल्टर म्हणजे केवळ संरक्षणाची काच.

मग लावायचा कधी? समुद्रकिनारी वारा असेल आणि खारे तुषार उडत असतील तेव्हा. जेजुरीला भंडारा उधळला जातो तेव्हा. रंगपंचमीला. पावसात पालखीबरोबर चालताना. लाल मातीच्या रस्त्यावरून जीपमागे जीप जात असेल तेव्हा. घरी आलात की काढा. आणि रात्रीचे दिवे किंवा सूर्य चौकटीत असेल तर आधी काढा, मग फोटो घ्या.

फिल्टर फक्त काच जपतो. जुन्या लेन्सना धूळ-पाण्यापासून वाचवणारं रबरी सील नसतं. हळदीची पूड फोकसच्या कड्याच्या फटीतून आत जातेच. जेजुरीला जाणार असाल तर पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी कॅमेऱ्यावर चढवा, पुढे भोक पाडून ते हूडभोवती रबर बँडने आवळा. पडल्यावर लेन्स वाचेल या भरवशावरही फिल्टर लावू नका. त्याची पातळ काच लवकर फुटते आणि तिचे तुकडेच पुढच्या काचेला ओरखडतात.

घेताना ट्यूबलाइटखाली उभे राहा आणि फिल्टरमध्ये ट्यूबचं प्रतिबिंब बघा. ते पांढरं, झगझगीत दिसलं तर लेप नाही. मंद हिरवं किंवा जांभळट दिसलं तर लेप आहे, तो घ्या. मग फिल्टर पांढऱ्या कागदावर ठेवा. गुलाबी झाक दिसली तर तो स्कायलाइट आहे. कानाशी हलवून काच खुळखुळत नाही ना तेही बघा. फार पातळ कड्याचे फिल्टर टाळा, त्यांतल्या काहींना पुढे आटेच नसतात, मग हूड लावणार कशावर? आणि लेन्सची पुढची काच फुगीर असेल तर फिल्टर हलक्या हाताने फिरवत नेऊन तो काचेला टेकत नाही याची खात्री करा.

कृष्णधवल फिल्म वापरणाऱ्यांना माझा सल्ला वेगळा आहे: बाहेर पडताना पिवळा फिल्टर लावा. काच तर जपली जातेच, शिवाय ढग आकाशातून उठून दिसतात. त्याला साधारण एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट प्रकाश लागतो. प्रकाश मोजणारा मीटर कुठे आहे त्यावर हिशोब ठरतो: कॅनोनेट क्यूएल१७ जी-३ चा प्रकाश टिपणारा सेल फिल्टरच्या आत येतो, त्यामुळे तो आपोआप जुळवून घेतो, इलेक्ट्रो ३५ चा सेल वर बॉडीवर असतो, त्याला फिल्टरचा पत्ता नसतो. तिथे ४०० ची फिल्म असेल तर एएसएची (फिल्मच्या संवेदनशीलतेची) तबकडी २०० वर लावा.

दोन-तीन लेन्स असतील तर प्रत्येकीला वेगळा फिल्टर घ्यायची गरज नाही. ५२ चा एक चांगला फिल्टर आणि ४९ वरून ५२ वर नेणारी स्टेप-अप रिंग पुरते. उलटी, म्हणजे मोठ्यावरून लहानावर नेणारी रिंग मात्र नको, ती कोपरे खाते.

७. चढवणं आणि अडकला तर काढणं

आधी लेन्सवर फिल्टर, मग फिल्टरवर हूड, हा क्रम. रुंद लेन्सवर एकावर एक दोन फिल्टर लावू नका.

चढवताना फिल्टर आट्यांवर सपाट टेकवा आणि आधी उलटा, घड्याळाच्या विरुद्ध फिरवा. एक बारीक ‘टक’ जाणवेल. तिथून सुलटा फिरवा. असं केलं की आटे तिरके चढत नाहीत. टेकला की थांबा, आवळू नका.

अडकलाच तर बोटांनी कडेवर जोर देऊ नका. दाबाने कडं किंचित लंबगोल होतं आणि आणखी घट्ट बसतं. रबरी हातमोजे घालून तळवा सपाट ठेवा आणि हलका दाब देत फिरवा. तरी नाही निघाला तर रुंद रबर बँड कडेभोवती गुंडाळून पुन्हा तेच. कड्याला पोचा असेल तर पक्कड लावू नका. दुरुस्ती करणाऱ्यांकडे पोचा सरळ करायचं वेगळं अवजार असतं, काही मिनिटांचं काम असतं ते.

८. पावसाळ्यात कॅपच्या आत काय चाललंय ते बघत राहा

मुंबई, कोकण, गोवा इथे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की लेन्सचा खरा शत्रू बुरशी होते, आणि कॅप तिला अडवत नाही. ओलसर लेन्सवर घट्ट कॅप लावली तर ओल आतच कोंडते. पावसातून आलात की बाहेरचं पाणी टिपून घ्या, कॅप काढून लेन्स पंख्याखाली कोरड्या खोलीत ठेवा, आणि पूर्ण वाळल्यावरच झाका. किनाऱ्यावरून आलात तर लेन्सची बाहेरची धातूची बाजू किंचित ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करा.

एसीच्या खोलीतून एकदम दमट हवेत जाताना काचेवर बाष्प धरतं. लेन्स बंद पिशवीत घालूनच बाहेर न्या आणि ती बाहेरच्या तापमानाला आल्यावर पिशवी उघडा. धरलेलं बाष्प पुसू नका, त्याचं त्याला जाऊ द्या.

घरी हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता ४० ते ५० टक्के. निळी सिलिका गुलाबी झाली की ती ओल पिऊन भरली असं समजा आणि तापवून वाळवा. लेन्सबरोबर आलेली चामड्याची पेटी कितीही सुंदर असली तरी तिच्यात लेन्स ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं.

पंधरा दिवसांनी एकदा दोन्ही कॅप काढा, टॉर्चने आत बघा, फिल्टरही तपासा. जुन्या फिल्टरवर बुरशीचे तंतू दिसले तर तो या डब्यातून लगेच बाहेर काढा आणि लेन्सवर पुन्हा लावू नका. मखमली अस्तराच्या धातूच्या कॅप पावसाळाभर वेगळ्या ठेवा; तेवढे चार महिने साध्या प्लॅस्टिकच्या कॅप लावा.